इस्पितळातला दुसरा आजार

मांडीचे हाड मोडले म्हणून इस्पितळात दाखल झालेल्या मनुष्यास चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप यावा, शस्त्रक्रियेच्या जखमेतून पू वाहू लागावा, आणि ‘आणला तेव्हा तर असे काहीच नव्हते’ असे म्हणत नातलगांनी कपाळाला हात लावावा, हा अनुभव आपल्याकडे इतका सर्वपरिचित झाला आहे की त्यास दैवाचा भाग समजून गप्प बसण्याची समाजाला जणू सवयच जडली आहे. वैद्यकशास्त्र मात्र त्यास दैव मानीत नाही. रुग्ण दाखल होतेवेळी जो संसर्ग त्याच्या शरीरात प्रकटपणे वा सुप्तपणेही नव्हता, आणि जो सामान्यतः ४८ तास उलटून गेल्यावर दिसू लागला, तो रुग्णालयजन्य संसर्ग, अशी त्याची रूढ व्याख्या आहे; शस्त्रक्रियेच्या जखमेबाबत ही मुदत ३० दिवसांपर्यंत आणि शरीरात कृत्रिम सांधा वगैरे बसविला असल्यास त्याच्याही पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार इस्पितळात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी धनाढ्य देशांत ७ आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा निदान एक तरी संसर्ग जडतो, व जडलेल्यांपैकी सुमारे दहांतून एक त्यापायी प्राणास मुकतो. जो उपचार घ्यावयास माणूस आला त्या उपचाराच्याच वाटेने शिरणारा हा आजार असल्यामुळे त्याची जबाबदारी रुग्णाच्या प्रकृतीवर किंवा नशिबावर ढकलून मोकळे होता येत नाही.

या विषयाचा साकल्याने विचार करण्यास मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडीइतके बोधप्रद ठिकाण क्वचितच सापडेल. हार्बर मार्गावरील या स्थानकाच्या आसपास, थोडक्या मैलांच्या टापूत, इस्पितळाच्या शुद्धीचे आदि, मध्य आणि अंत असे तिन्ही टप्पे एकत्र आलेले आहेत. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आश्रयाने उभा राहिलेला, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ हा कारखाना एका अंगास. मध्ये महापालिकेचे पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय, ज्यास शिवाजीनगर आणि बैंगनवाडीची माणसे नुसते ‘शताब्दी’ म्हणून ओळखतात. आणि दुसऱ्या अंगास, १९२७ सालापासून शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनारच्या बाजूस, मुंबईच्या इस्पितळांतील दूषित कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी उभारलेले केंद्र. सुई निर्जंतुक होऊन निघते, टोचली जाते आणि वापरून झाल्यावर नष्ट केली जाते, हा तिचा सारा जन्म महापालिकेच्या या एका प्रशासकीय वॉर्डाच्या परिसरात पाहता येतो. आणि तो पाहता पाहता जी एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते ती ही, की संसर्ग टाळण्याच्या कामी दूषितता नाहीशी करणे आणि दूषितता एका जागेवरून दुसऱ्या जागी सारणे या दोन क्रिया बाहेरून पुष्कळदा सारख्याच दिसतात, पण परिणामाने एकमेकींच्या अगदी विरुद्ध असतात.

पहिल्या टप्प्यापासून आरंभ करू. काचेची सिरिंज आणि जाड सुई पातेल्यात उकळून तीच पुढच्या रोग्यास टोचणारे दवाखाने पाहिलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात, परंतु काही जंतूंचे बीजाणू त्या उष्णतेसही दाद देत नाहीत. त्यांचा नाश करावयाचा तर बंद पात्रात दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ काही मिनिटे द्यावी लागते, आणि ती दिली की प्लास्टिकच्या अनेक वस्तू वेड्यावाकड्या होऊन जातात. हा पेच सोडविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९७४ साली ट्रॉम्बे येथे आयसोमेड सुरू झाले. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूतून निघणारे गॅमा किरण जाड भिंतींच्या आड, हळूहळू फिरणाऱ्या खोक्यांवर सोडले जातात, आणि ते पुठ्ठा, कागद व प्लास्टिक भेदून आतल्या वस्तूवरील सूक्ष्मजीवांच्या गुणसूत्रांचे तुकडे करतात. यासाठी प्रमाण मानलेली मात्रा २५ किलोग्रे इतकी असते. या पद्धतीचा खरा गुण असा, की वस्तू आधी पाकिटात मोहोरबंद होते व मग निर्जंतुक होते, त्यामुळे पाकीट फाडले जाईपर्यंत तिला कोणाच्याही हाताचा वा हवेचा स्पर्श होत नाही. शिवाय सुती जाळी, सिरिंज वा टाका घालण्याचा धागा या किरणांनी स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणून जसजसा धातू जुना होईल तसतशी खोकी किरणांसमोर अधिक वेळ ठेवावी लागतात. आणि या हिशेबात कसूर झाली तर पाकिटावरील ‘निर्जंतुक’ हा शिक्का खोटा ठरतो. अशा साहित्यावर दहा लाखांत एखाद्याच नगावर जिवंत सूक्ष्मजीव उरावा, इतकी काटेकोर कसोटी जगभर लावली जाते. ग्रामीण भागातील सुइणींसाठी तयार केलेल्या, पाते, धागा व कापूस असलेल्या प्रसूतीच्या संचांनाही याच किरणांचा संस्कार मिळाला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे; कारण नवजात अर्भकाचा धनुर्वात हा नाळ कापणाऱ्या पात्यावरून येत असे, आणि माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचा दाखला भारतास २०१५ साली मिळाला त्यामागे लसीइतकाच स्वच्छ पात्याचाही वाटा आहे.

इतक्या सायासाने शुद्ध केलेले पाकीट वॉर्डात येते, आणि ज्या हाताने ते फोडावयाचे तो हात जर नुकताच शेजारच्या रोग्याची चादर सारून आला असेल, तर कोबाल्टचा सारा पराक्रम एका क्षणात वाया जातो. हाताचा हा दोष प्रथम सिद्ध करणाऱ्या व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली शवविच्छेदनाहून येणाऱ्या डॉक्टरांना चुन्याच्या क्लोरिनयुक्त द्रावणात हात बुडविण्याची सक्ती केली, तेव्हा त्याच्या प्रसूतिगृहातील मृत्यूंचे प्रमाण एप्रिलमधील शेकडा १८ वरून जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. आणि तरीही त्याच्या समव्यावसायिकांनी त्याची दखल घेतली नाही, ही कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांतले अंतर फार मोठे आहे. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, रक्त वा स्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णास स्पर्श केल्यावर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यावर, असे हात शुद्ध करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिले आहेत. साबणपाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रावाने चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. आता खाटा भरून जमिनीवरही गाद्या घातलेल्या वॉर्डात, एका पाळीला मोजक्या सिस्टर, आणि हात धुण्याची एकुलती एक मोरी वॉर्डाच्या पार टोकाला, अशी व्यवस्था असेल तर प्रत्येक प्रसंगी मोरीपर्यंत जाऊन येणारी सिस्टर औषधांची वेळ कधीच पाळू शकणार नाही. म्हणजे दोष तिच्या नीतीत नसून मोरीच्या जागेत आहे.

जिनिव्हा येथील विद्यापीठ-रुग्णालयात दिदिए पिते यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी उपदेशावर भिस्त न ठेवता अल्कोहोलच्या द्रावाची बाटली प्रत्येक खाटेशी आणली. १९९४ साली तेथे हात शुद्ध करण्याचे प्रमाण शेकडा ४८ होते, ते १९९७ पर्यंत शेकडा ६६ झाले, आणि त्याच सुमारास रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर उतरले. आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे. मनगटावरचे घड्याळ, बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या यांच्याखाली साबण पोहोचत नाही, द्रावही पोहोचत नाही. म्हणून कामावर असताना कोपरापासून खाली हात मोकळा असावा हा नियम डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सर्वांना सारखाच लागू असला पाहिजे. आणि द्राव कितीही उत्तम असला तरी हगवण लावणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तेथे साबण आणि वाहते पाणी यांस पर्याय नाही.

हातानंतर संसर्गाचा राजमार्ग म्हणजे नळ्या. सलाईनची सुई, लघवीची नळी, श्वासाची नळी ही सारी जीवरक्षक साधने आहेत. पण त्वचेची जी तटबंदी निसर्गाने आपल्याला दिली आहे तिला प्रत्येक नळी एक भगदाड पाडते. लघवीच्या पिशवीचेच उदाहरण घ्या. रोग्याला एक्स-रेसाठी न्यावयाचे असते, वॉर्डबॉय ट्रॉली आणतो, आणि नातेवाईक मदत म्हणून खाटेच्या दांडीवर लटकणारी पिशवी उचलून सरळ रोग्याच्या पोटावर ठेवतो. त्या क्षणी पिशवीतली लघवी नळीतून उलट मूत्राशयाकडे जाते, आणि पिशवीत तासन् तास वाढलेले जंतूही तिच्यासमवेत जातात. पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, आणि तरीही जमिनीला टेकू नये, या दोन अटी जो नातेवाईक पाळील त्याने मोठ्या औषधाइतकेच काम केले असे समजावे. याहूनही मोठा उपाय म्हणजे नळी काढून टाकणे. ‘ही नळी आजही आवश्यक आहे काय?’ हा प्रश्न रोज सकाळच्या फेरीला विचारला गेला नाही, तर काल गरजेपोटी घातलेली नळी आज केवळ सवयीने राहते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोवोस्ट यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळावयाची एक साधी यादी अमलात आणली: हात धुवा, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाका, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा, जांघेतील शीर टाळा, आणि नको असलेली नळी काढा. मोठ्या शिरेतील नळीपायी होणारा रक्तातला संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ होता, तो दीड वर्षाच्या आत १.४ झाला, हा वृत्तान्त २००६ साली प्रसिद्ध झाला. या यादीत नवे ज्ञान एकही नव्हते. नवी होती ती एक तजवीज, की यादीतला एखादा टप्पा गाळला गेल्याचे दिसले तर ती क्रिया तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस देण्यात आला. आपल्या इस्पितळांत हुद्द्याची उतरंड किती उंच असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका वाक्यात किती मोठी क्रांती दडली आहे हे निराळे सांगावयास नको.

हात आणि नळी यांचा बंदोबस्त झाला तरी एक वाट उरते, आणि गोवंडीच्या दृष्टीने तीच सर्वांत बिकट आहे. ती वाट हवेची. क्षयरोग आणि त्यातही औषधांना न जुमानणारा क्षय हा गोवंडी ज्यात मोडते त्या मुंबईच्या एम-पूर्व विभागाचा जुना शत्रू आहे. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या पुनर्वसनाच्या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या केल्या गेल्या की खालच्या मजल्यांवरील घरांत ऊन शिरत नाही आणि वारा खेळत नाही, आणि तेथील क्षयाच्या प्रादुर्भावाशी या कोंदटपणाचा निकट संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अशा घरातला खोकणारा माणूस जेव्हा बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तीन तास उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागेपुढे मधुमेहाची गोळी न्यावयास आलेली वृद्धा असते, गरोदर स्त्री असते, आणि समोर टेबलाशी बसलेला कारकून तर रोजच असतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीतून गोवराची साथ उसळली तेव्हा हाच धोका दुसऱ्या रूपाने पुढे आला: गोवराचे मूल अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देऊ शकते, म्हणजे त्याला गोवर आहे हे कोणास ठाऊक नसतानाच ते दवाखान्यात नुसत्या सर्दीतापाचे मूल म्हणून बसलेले असते, आणि ते उठून गेल्यावरही त्याच्या श्वासातला विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो.

यावरचा उपाय दारातच सुरू होतो. खोकणाऱ्यास वा ताप असलेल्या मुलास रांगेतून वेगळे काढून उघड्या जागी बसविणे, त्याच्या तोंडाला साधा मास्क आणि कर्मचाऱ्याच्या तोंडाला एन-९५ देणे, आणि खिडक्या उघड्या ठेवणे, इतक्या गोष्टींना फार मोठा खर्च लागत नाही. खिडकीचे महत्त्व तर मोजूनही पाहण्यात आले आहे. पेरूची राजधानी लिमा येथील इस्पितळांत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांपेक्षा जुन्या इमारतींत खिडक्यादारे उघडी असता खोलीतील हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा, आणि यंत्रांनी हवा खेळवणाऱ्या खोल्यांचे प्रमाण १२ धरलेले होते. मुंबईत दगडी भिंतींची जुनी इस्पितळे पाडून त्यांच्या जागी बुटक्या छताच्या वातानुकूलित इमारती उभारणाऱ्या नियोजनकारांनी हे आकडे दप्तरी लावून ठेवावेत. कारण विजेचे बिल वाचविण्यासाठी ज्या दिवशी बाहेरची हवा आत घेणारा पंखा बंद केला जाईल त्या दिवसापासून ती खोली लल्लूभाई कंपाउंडातल्या तळमजल्यासारखीच कोंदट होणार आहे.

‘एवढी दगदग कशाला, संसर्ग झालाच तर प्रतिजैविके आहेत की,’ असे म्हणणाऱ्यांना उत्तरही मुंबईतूनच मिळाले आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी २००९ साली अवघ्या तीन महिन्यांत गोळा केलेल्या, कार्बापेनेम या शेवटच्या फळीतील औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ नावाचे विकर तयार करणारे जनुक आढळले, आणि हा निष्कर्ष त्यांनी २०१० साली उघडपणे प्रसिद्ध केला. हे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जाऊ शकते, यामुळे त्याचे भय अधिक. अशा जंतूसमोर औषधांचे कपाट रिकामे होते; पण साबण, वाफ आणि ऊन यांना तो इतर कोणत्याही सामान्य जंतूइतकाच बळी पडतो. औषधाला प्रतिकार करण्याची युक्ती जंतूंना साधली आहे, साबणाला प्रतिकार करण्याची नाही. म्हणून औषधे जितकी निकामी होत जातील तितके हात धुण्याचे मोल चढत जाणार आहे.

आता तिसरा टप्पा, जो वॉर्डातील कोणास सहसा दिसत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्याकडे प्रथम १९९८ साली आणि सुधारून २०१६ साली झाले. त्यांनुसार रक्ताने भिजलेला कापूस, शरीराचे काढलेले भाग आणि मुदत उलटलेली औषधे पिवळ्या पिशवीत. नळ्या, सलाईनच्या बाटल्या, सुईविरहित सिरिंज असे प्लास्टिक लाल पिशवीत. सुया आणि पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात टाकावयाची असते. असा कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवून ठेवण्यास मनाई आहे. पिवळ्या पिशवीतला माल भट्टीत जाळतात. लाल पिशवीतले प्लास्टिक वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरास देतात. भट्टीच्या पहिल्या कप्प्यात सुमारे ८०० अंश आणि दुसऱ्या कप्प्यात सुमारे १,०५० अंश उष्णता असावी, आणि दुसऱ्या कप्प्यात धूर निदान दोन सेकंद थांबावा, अशी अट आहे. कारण क्लोरिनयुक्त प्लास्टिक अर्धवट जळले की डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात.

येथे इस्पितळाच्या वॉर्डाचे आणि वस्तीच्या श्वासाचे नाते उघड होते. पाळी संपता संपता, हाताशी लाल पिशवी नव्हती म्हणून कोणीतरी सलाईनच्या नळीचे भेंडोळे पिवळ्या पिशवीत टाकते. वॉर्ड स्वच्छ दिसतो, सिस्टर घरी जाते, मावशी फरशी पुसून घेते. आणि तीच नळी काही तासांनी भट्टीत जाऊन धूर होते. देवनारच्या बाजूच्या भट्टीविरुद्ध गोवंडीतील रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, अखेरीस त्यांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, आणि २०२३ साली न्यायालयाने ते केंद्र दोन वर्षांच्या मुदतीत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलविण्याचा हुकूम दिला. गोवंडीकरांच्या दृष्टीने हा न्याय उशिराचा असला तरी न्यायच आहे. परंतु वॉर्डातली पिशवी चुकत राहिली तर खालापूरच्या आकाशातही तेच डायॉक्सिन जाणार. तसेच, घरोघरी इन्सुलिन टोचून घेणारा मधुमेही आपली सुई घरच्या केराच्या डब्यात टाकीत राहिला, तर ती कचऱ्याच्या डोंगरावर काच-पत्रा वेचणाऱ्या एखाद्या मुलाच्या तळपायात शिरणार, आणि कावीळ ब व क यांचे विषाणू रक्तातून रक्तात जावयास तेवढी जखम पुरे होते. शुद्धीचा खर्च ज्याने चुकविला त्याच्या वाट्याचे बिल असे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढते.

तेव्हा इस्पितळाने काय करावे याचे उत्तर पुष्कळसे स्पष्ट आहे, आणि ते खर्चिक यंत्रांपेक्षा कारभाराच्या शिस्तीशी अधिक निगडित आहे. प्रत्येक खाटेशी द्रावाची बाटली आणि प्रत्येक ट्रॉलीवर चारही रंगांची सोय असावी. नळी कोणत्या दिवशी घातली याची तारीख ठळक लिहिलेली असावी. फरशी पुसणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या आणि पिशव्या बांधणाऱ्या कंत्राटी कामगाराला कावीळ ब ची लस, जाड हातमोजे आणि रीतसर प्रशिक्षण मिळावे, कारण संसर्गाची साखळी तोडण्याचे निम्मे काम त्याच्या हातून होते आणि त्याचे नाव मात्र एकाही अहवालात येत नाही. संसर्ग-नियंत्रण समिती कागदावर असून भागत नाही. तिने दरमहा किती नळ्या घातल्या, किती दिवस राहिल्या आणि किती जणांना संसर्ग झाला हे मोजले पाहिजे, व ते आकडे अधिष्ठात्याच्या कपाटात न ठेवता वॉर्डाच्या भिंतीवर लावले पाहिजेत. आकडा वाढला म्हणून कोणाला शिक्षा होणार असेल तर उद्यापासून आकडाच नोंदला जाणार नाही, हे ध्यानात ठेवून सुरुवातीस त्याचा उपयोग केवळ सुधारणेसाठीच करावा. रुग्णाच्या आप्तांनीही खाटेवर न बसता, हात धुऊन, एका वेळी एकाने भेटावे. आणि तपासावयास आलेल्या डॉक्टरांना ‘साहेब, हात चोळलेत का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही हे आधी स्वतःला आणि मग इस्पितळाला पटवावे. ज्या वॉर्डात हा प्रश्न मावशीने विचारला आणि मोठ्या डॉक्टरने काही न बोलता बाटलीकडे हात नेला, त्या वॉर्डाचे भिंतीवरचे आकडे पुढच्या महिन्यात उतरलेले दिसण्याची आशा बाळगता येईल.